डोक्याला मार लागल्यानंतर: पहिल्या मिनिटापासून पुन्हा मैदानात उतरेपर्यंत

‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे, घरी जा,’ असं कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पडायलाच हवा, कारण मेंदूत रक्तस्राव नाही ही फार मोठी गोष्ट आहे. पण बहुतेक जण विषय तिथेच संपवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची लोकल, नेहमीचं ऑफिस, संध्याकाळी प्रॅक्टिस. चार-पाच दिवसांनी तक्रारी सुरू होतात. डोकं सतत जड असतं, स्क्रीनकडे बघवत नाही, प्लॅटफॉर्मवरच्या गोंगाटात गरगरतं, साध्या बोलण्यावर चिडायला होतं. आणि याचा त्या माराशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रभादेवी-परळकडच्या कबड्डी मंडळांची मुलं, शिवाजी पार्क आणि आझाद मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं माझ्याकडे येतात, तशीच लोकलमधून उतरताना पडलेली किंवा पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावर घसरलेली माणसंही येतात. डोक्याला मार किंवा हिसका बसून मेंदूचं कामकाज तात्पुरतं बिघडतं, त्याला कन्कशन म्हणतात. त्यात धोका आहे की नाही हे हॉस्पिटल बघतं. बरं होण्याचं काम मात्र त्यानंतर घरात, शाळेत आणि प्रवासात होतं, आणि ते कसं करायचं हे डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींत मावत नाही.

आत नेमकं काय होतं

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो, पिळला जातो आणि मेंदूच्या पेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेर असलेल्या क्षारांचं संतुलन बिघडतं. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते पूर्ववत करायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा घटलेला असतो. मागणी जास्त आणि पुरवठा कमी, अशी ही अवस्था काही दिवस टिकते. थकवा, डोकेदुखी, विचारांचा मंदपणा हे बऱ्याच अंशी त्यातून येतं.

हा बिघाड रचनेपेक्षा कामकाजाचा असतो, म्हणून तो सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. नेहमीच्या एमआरआयमध्येही बहुधा काही सापडत नाही. सीटी काढतात ते रक्तस्राव आणि फ्रॅक्चर नाही ना हे पाहायला. स्कॅन नॉर्मल आला म्हणून कन्कशन नाही असं ठरत नाही.

डोक्यालाच आपटलं पाहिजे असंही नाही. कबड्डीत चढाईपटूला बाजूने जोरदार डॅश बसला आणि मान झटक्यात फिरली, रिक्षाने करकचून ब्रेक मारला आणि डोकं पुढे-मागे हिसकलं, एवढंही पुरतं. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं आणि ते घालायलाच हवं, पण आतल्या मेंदूचं हलणं ते थांबवू शकत नाही. ‘हेल्मेट होतं ना, मग काय झालं?’ हा प्रश्न मी फार ऐकते.

पहिली काही मिनिटं

मार लागलेल्या माणसाला तिथेच थांबवा. खेळाडू असेल तर बाहेर काढा आणि त्या दिवशी परत आत पाठवू नका, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. कन्कशनमध्ये आपलं काय बिघडलंय हे ठरवणारा मेंदूच गोंधळलेला असतो, त्यामुळे त्याच्या खात्रीवर विसंबता येत नाही. संशय आला तरी बाहेर, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ऑगस्ट 2019 पासून कन्कशन झालेल्याच्या जागी फलंदाजी-गोलंदाजीही करू शकणारा बदली खेळाडू घेण्याची सोय झाली ती याचसाठी. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-20 सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो उरलेले चेंडू खेळला आणि ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर त्याला चक्कर जाणवू लागली. दुसऱ्या डावात त्याच्याऐवजी युजवेंद्र चहल उतरला. लक्षणं अशी उशिरा येतात, कधी काही मिनिटांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

माणूस बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर त्याला उचलू नका, बसवू नका. डोकं आणि मान आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि 108 ला फोन लावा. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. उलटी होत असेल तर दोघा-तिघांनी मिळून डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवत कुशीवर वळवा. फिट आली तर हातपाय दाबून धरू नका आणि दातांत चमचा घालू नका.

मुंबईत अशा वेळी गर्दी लगेच जमते. त्यातला एक जण फोनवर, एक रुग्णापाशी, बाकीचे वारा सोडून लांब, असं कुणीतरी मोठ्याने सांगावं लागतं. स्टेशनवर असाल तर स्टेशन मास्तरांना कळवा. रेल्वेची हेल्पलाइन 139 आहे. रस्त्यावरच्या अपघातात अनोळखी माणसाला हॉस्पिटलात पोचवायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात, पण मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

माणूस शुद्धीवर असेल आणि मान ठीक असेल तर त्याला सावलीत बसवून प्रश्न विचारा. ‘तुझं नाव काय, आज वार कुठला’ या प्रश्नांची उत्तरं कन्कशन झालेला माणूसही बरोबर देऊ शकतो. नुकतंच घडलेलं विचारा:

- आपण आत्ता कुठल्या मैदानात आहोत?
- कुणाविरुद्ध खेळतोय? हा कितवा डाव?
- शेवटची विकेट कुणाची पडली, किंवा शेवटचा गुण कुणी घेतला?
- मागची मॅच कुणाशी होती? जिंकलो की हरलो?

खेळाडू नसेल तर: कुठून निघालात, कुठली गाडी पकडली, सोबत कोण होतं, पडण्याआधीचं शेवटचं काय आठवतं. उत्तर अडखळलं, तोच तोच प्रश्न तो परत विचारू लागला, नजर शून्यात लागली, तर कन्कशन धरून चाला. आणि उत्तरं अचूक आली तरी त्याला मोकळा सोडू नका. पुढचे काही तास कुणीतरी सोबत हवंच.

काय काय जाणवू शकतं

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे ‘शुद्ध हरपली नाही, म्हणजे काही नाही.’ कन्कशन झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक एक क्षणही बेशुद्ध होत नाहीत.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, उजेड आणि आवाज सहन न होणं ही शरीराची लक्षणं. विचारांत सुस्ती येते, लक्ष टिकत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, ओळखीचा शब्द जिभेवर येत नाही. झोप बिघडते, कुणाला ती फार येते, कुणाला लागतच नाही. मनाची लक्षणं मात्र घरात सर्वांत जास्त गैरसमज करतात. एरवी शांत असलेला मुलगा आईवर खेकसतो, धट्टाकट्टा माणूस कारण नसताना रडतो. तो नाटक करत नसतो. जखमेचाच तो भाग आहे, आणि हे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

बोलता न येणाऱ्या बाळात ही लक्षणं वेगळी दिसतात. कशानेही न थांबणारं रडणं, दूध न पिणं, खेळण्यात रस नसणं, नुकतं चालायला शिकलेलं असेल तर पुन्हा तोल जाणं. पलंगावरून पडलेल्या तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली वाटली, डोक्यावर मऊ, पिलपिली सूज आली किंवा ते नेहमीपेक्षा मलूल असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

ही चिन्हं दिसली तर लगेच हॉस्पिटल

- एकापेक्षा जास्त वेळा उलटी
- डोकेदुखी वाढतच जाणं
- गुंगी वाढणं, हलवूनही नीट जाग न येणं
- फिट येणं
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, तोंड वाकडं होणं
- एक बाहुली मोठी, एक लहान, किंवा दोन-दोन दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव वा रक्त येणं
- डोळ्यांभोवती दोन्हीकडे किंवा कानामागे काळंनिळं होणं
- गोंधळ वाढणं, माणसं न ओळखणं, विचित्र वागणं
- मानेत तीव्र वेदना

यातलं एक असलं तरी पुरे. आणि काही माणसांनी चिन्हं नसली तरी तपासणी करून घ्यायलाच हवी: पासष्टीपुढचे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, दारूच्या अमलाखाली पडलेले (त्यांची गुंगी दारूची की माराची हे बघून कळत नाही), उंचावरून किंवा पाच-सहा पायऱ्यांहून खाली कोसळलेले, गाडीने उडवलेले, आणि मार लागण्याआधीचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त काळ ज्यांना आठवत नाही ते. दहीहंडीच्या वरच्या थरांवरून पडलेला गोविंदा यात येतो. तो उठून पुढच्या हंडीला निघाला असला तरी येतो.

पडल्यावर माणूस उठून चालू लागला म्हणजे धोका टळला, असं समजू नका. भारताचा माजी फलंदाज रमण लांबा फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात क्लब सामन्यात शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. नंतर शुद्ध हरपली, मेंदूतल्या रक्तस्रावावर शस्त्रक्रिया झाली आणि तीन दिवसांनी तो गेला. कवटीच्या आत रक्त साठायला वेळ लागतो, आणि मधल्या वेळात माणूस अगदी ठणठणीत वाटू शकतो. पहिले 24 तास सोबतीचा आग्रह मी धरते तो यामुळे.

वयस्कर माणसांत हे रक्त फार सावकाश साठू शकतं. आजी बाथरूममध्ये घसरल्या, टेंगूळ आलं, ओसरलं. तीन-चार आठवड्यांनी त्या विसरायला लागल्या, चालताना एका बाजूला झुकू लागल्या. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मागच्या दोन-तीन महिन्यांत त्या पडल्या होत्या का हे आठवा आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हॉस्पिटलात जाताना

धोक्याचं चिन्ह असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेलंच ठिकाण गाठा. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये टाके पडतील, पण सीटीसाठी पुन्हा दुसरीकडे पळावं लागेल. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे. जे. या सरकारी-महापालिका रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहेत. पश्चिम उपनगरात विलेपार्ल्याचं कूपर हे महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे.

जो माणूस घटनेच्या वेळी हजर होता, त्याने सोबत जावं. डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्याच्याकडेच असते: कसा पडला, किती वाजता, शुद्ध गेली का, किती वेळ, उलट्या किती, पहिल्यांदा काय बोलला. निघण्यापूर्वी हे मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा, घाईत माणूस विसरतो. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका. त्यातही ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी असेल तर विचारण्याची वाट न बघता सांगा. अपघात असेल तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची (मेडिको-लीगल केस) नोंद होईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुढे विम्याला किंवा भरपाईच्या दाव्याला तिचाच आधार लागतो.

प्रत्येकाला सीटी लागतोच असं नाही. लहान मुलांत तर डॉक्टर मुद्दाम टाळतात, कारण त्यात किरणोत्सर्ग असतो. ‘सीटी का नाही काढला?’ म्हणून भांडण्यापेक्षा ‘घरी काय पाहायचं आणि कशासाठी परत यायचं?’ हे विचारून घ्या. निघताना डिस्चार्ज कार्ड किंवा केस पेपरचा फोटो काढा.

पहिली रात्र

‘झोपू देऊ नका, झोपला तर उठणार नाही’ हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. तपासणी झालेली असेल आणि धोक्याची चिन्हं नसतील तर झोपू द्या. झोप मेंदूला हवी असते. रात्री उठवून बघायचं का, आणि किती वेळाने, हे डॉक्टरांना विचारा आणि सांगतील तसं करा. त्याच खोलीत कुणीतरी झोपावं एवढं मात्र सगळ्यांसाठी. तपासणीच झालेली नसेल आणि माणूस अवेळी पेंगू लागला असेल, तर तो झोपेचा प्रश्न नाही, हॉस्पिटलचा आहे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलोसारखी साधी गोळी, पाकिटावरच्या प्रमाणात चालते. पहिले दोन दिवस ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, कारण रक्तस्रावाचा धोका पूर्ण टळलेला नसतो. आपल्याकडे डोकेदुखीला सर्रास घेतली जाणारी कॉम्बिफ्लाम ही याच कारणाने नको, तिच्यात आयबुप्रोफेन असतं. आधीपासून हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. केमिस्टकडून चक्करेची किंवा झोपेची गोळी आणू नका. त्यातल्या काहींनी गुंगी येते आणि मग ती गुंगी औषधाची की आतल्या रक्तस्रावाची हे ओळखणं अवघड होऊन बसतं. टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. चोळू नका, मालिश नको. दारू पूर्ण बंद.

पहिले दोन दिवस

पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली आणि पुढच्या वर्षी तिची सूत्रं प्रसिद्ध झाली. सक्तीची पूर्ण विश्रांती फायद्याची नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. 24 ते 48 तास बेताची विश्रांती घ्यायची, आणि ती म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. घरात फिरा, स्वतःची अंघोळ करा, जेवा, हळू आवाजात गप्पा मारा, गॅलरीत बसा. भाजी निवडा, देवापुढे फुलं ठेवा. लक्षणं फार वाढली की थांबा.

स्क्रीन मात्र या दोन दिवसांत शक्य तितका कमी करा. पहिल्या 48 तासांत स्क्रीन टाळणाऱ्यांची लक्षणं लवकर ओसरतात, हे एका चाचणीत दिसलं आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून मोबाइल काढणं किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे. त्याला कायमची बंदी सांगू नका, दोन दिवस सांगा, आणि त्या वेळात घरच्यांनीही आपले फोन बाजूला ठेवा.

जेवण वेळेवर, पाणी भरपूर. संकष्टी असो की नवरात्र, हे काही दिवस उपवास नको, रिकाम्या पोटी डोकेदुखी वाढते. पहिले 24 तास तरी कुठलीही गाडी चालवायची नाही. त्यानंतरही चक्कर, अंधुक दिसणं किंवा संथपणा असेपर्यंत दुचाकीला हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवसापासून: चालणं

इथे माझं काम सुरू होतं, आणि लोकांचं सर्वांत जास्त चुकतं तेही इथेच. काही एकदम नेहमीच्या वेगाने धावायला लागतात, काही घाबरून दोन-दोन आठवडे पडून राहतात. दोन्हींनी बरं व्हायला उशीर लागतो. हलका व्यायाम लवकर सुरू केला तर कन्कशन लवकर बरं होतं, एवढं आता नक्की झालं आहे.

त्रासाला 0 ते 10 मध्ये मोजा. निघण्याआधी डोकेदुखी 3 असेल आणि चालताना 5 पर्यंत गेली, घरी येऊन तासाभराच्या आत परत 3 वर आली, तर चाललं ते योग्य. 6 वर गेली किंवा तासाभरानेही उतरली नाही, तर आज थांबा आणि उद्या कमी वेळ चाला. दुखणं थोडं वाढलं म्हणजे मेंदूला इजा होतेय असं नाही, हे आधी मनात पक्कं करा. भीतीने माणूस जास्त अडकतो.

सुरुवात दहा-पंधरा मिनिटांची, सपाटीवर, गर्दी नसताना. शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी नको, तेव्हा तिथे माणसं, आवाज, पळणारी पोरं सगळं एकदम अंगावर येतं. पहाटे चांगला. सोसायटीच्या आवारातले चार फेरे चांगले. रोज पाच मिनिटं वाढवा. एका छोट्या वहीत तारीख, किती चाललो, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, झोप किती, एवढंच लिहा. पुढे डॉक्टरांना दाखवायला या वहीसारखं काही नाही.

लोकल, ऑफिस आणि रोजंदारी

कन्कशन झालेल्या मेंदूला जे जे सोसत नाही ते सगळं लोकलच्या डब्यात एकत्र असतं: धक्के, खडखडाट, झपझप मागे पळणारी दृश्यं, उभं राहून तोल सांभाळणं. म्हणून घरात बरं वाटणाऱ्या माणसाला दादर येईपर्यंत मळमळू लागतं. पहिल्यांदा दुपारी, गर्दी नसताना, दोन-तीन स्टेशनांचा प्रवास कुणाला तरी सोबत घेऊन करून पाहा. बसायला मिळेल अशी गाडी सोडून दुसरी पकडू नका. खिडकीबाहेरच्या जवळच्या खांबांकडे न बघता दूरवर किंवा डब्याच्या आत एका जागी नजर ठेवा, प्रवासात मोबाइल बंद. आणि दारात उभं राहायचं नाही, फलाटाच्या कडेला थांबायचं नाही. चक्कर असताना हे जिवावरचं आहे.

कामावर पहिल्या दिवशी पूर्ण वेळ जाऊ नका. अर्धा दिवस किंवा दोन-तीन तास घरून काम, मध्ये दर अर्ध्या तासाने पाच-दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, मग वाढवत नेणं. साहेबांना ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ‘कन्कशन, अमुक तारखेपर्यंत कामाचे तास कमी’ असं लिहून घ्या.

ज्यांचं पोट रोजच्या कामावर आहे त्यांना हे सगळं परवडत नाही, हे मी जाणते. डिलिव्हरी करणारा मुलगा किंवा रंगकाम करणारा कामगार दोन आठवडे घरी बसू शकत नाही. त्याने निदान एवढं करावं: चक्कर पूर्ण जाईपर्यंत दुचाकी, उंचावरचं काम आणि चालती मशीन टाळावी, मुकादमाशी बोलून तेवढे दिवस जमिनीवरचं काम मागून घ्यावं.

गणपतीच्या दिवसांत मंडपाशेजारी घर असेल तर आठवडाभर नातेवाइकांकडे राहायला जाणं हा खरा उपाय आहे. ढोल-ताशे आणि लेझरचे दिवे या दोन्हींनी लक्षणं उफाळतात. पथकात वाजवणाऱ्यांनी त्या वर्षी मनाला आवर घालावा.

शाळा

अनुक्रम ठरलेला आहे: आधी शाळा, मग खेळ. घरी पंधरा-वीस मिनिटं सलग वाचता आलं की थोडा गृहपाठ, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस, सगळ्यांत शेवटी क्लास आणि परीक्षा. बहुतेक मुलांना शाळा फार दिवस बुडवावी लागत नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: पुढच्या बाकावर पण खिडकीच्या झळाळीपासून दूर जागा, पीटीला सुट्टी, चाचणीला जादा वेळ, डोकं दुखलं तर शिक्षकांच्या खोलीत बसायची मुभा. दहावीचं वर्ष असेल तर पालकांची घालमेल मी समजू शकते, पण त्या अवस्थेत रोज चार तास क्लासला बसवून डोक्यात काही शिरत नाही आणि त्रास लांबतो.

पुन्हा खेळ

सहा पायऱ्या आहेत. प्रत्येकीला किमान 24 तास.

1. रोजची कामं आणि चालणं, वर सांगितल्याप्रमाणे.
2. दम लागणारा व्यायाम: स्थिर सायकल किंवा भरभर चालणं. 220 मधून वय वजा करा, की हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात याचा अंदाज येतो. वीस वर्षांच्या मुलाचे 200 येतात. आधी त्याच्या 55 टक्के, म्हणजे मिनिटाला 110 ठोक्यांपर्यंत, मग 70 टक्के, म्हणजे 140 पर्यंत.
3. एकट्याने खेळाचा सराव: धावणं, दिशा बदलणं. कबड्डीत एकट्याने पायांच्या हालचाली, क्रिकेटमध्ये झेल आणि शॅडो बॅटिंग. डोक्याला लागण्याची शक्यता असेल असं काही नाही.
4. सगळ्यांबरोबर सराव, पण टक्कर नाही. जोर, बैठका, वजनं इथे वाढवता येतात. क्रिकेटमध्ये थ्रोडाउन, म्हणजे जवळून हाताने फेकलेले चेंडू चालतील, वेगवान बोलिंग नाही.
5. पूर्ण सराव: पकडी, डॅश, नेटमध्ये खरी बोलिंग.
6. सामना.

पहिल्या तीन पायऱ्यांवर लक्षणं थोडी असली तरी चालतात. चौथीला जाण्याआधी मात्र विश्रांतीत आणि व्यायामातही लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. चौथ्या-पाचव्या पायरीवर त्रास परत आला तर तिसरीवर या. काहीही न अडखळता गेलं तरी आठवडाभर लागतोच, आणि बहुतेकांना त्याहून जास्त लागतो.

मंडळाचा सामना उपांत्य फेरीचा असतो, प्रशिक्षक म्हणतात ‘फक्त पाच मिनिटं उतर.’ त्या पाच मिनिटांत दुसरा मार बसला तर काय होतं ते स्पष्ट सांगते. सावरत असलेल्या मेंदूला हलका धक्काही महिनोन् महिने आजारी पाडू शकतो, आणि कोवळ्या वयाच्या खेळाडूंत क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू झाल्याची उदाहरणं आहेत. कुठलीही ट्रॉफी त्या मोलाची नाही. निर्णय खेळाडूवर सोडू नका, तो ‘खेळतो’च म्हणणार. मंडळाने सीझन सुरू होण्याआधीच एक जण ठरवावा, ज्याचा शब्द या बाबतीत शेवटचा असेल आणि जो संघ निवडणारा नसेल.

लक्षणं रेंगाळली तर

मोठ्यांना साधारण दोन आठवड्यांत, मुलांना चार आठवड्यांपर्यंत बरं वाटतं. त्यापुढेही त्रास असेल तर ‘वेळ लागेल’ म्हणत बसू नका, कारण शोधा. बहुतेक वेळा ते सापडतं आणि त्यावर इलाज असतो.

कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद खोली फिरते? कानाच्या आतले सूक्ष्म खडे जागेवरून सरकलेले असू शकतात, आणि डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या उपचाराने ते बऱ्याचदा एक-दोन भेटींत ठीक होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलाच्या व्यायामांचं शिक्षण घेतलेले फिजिओ हे करतात. डोकेदुखी मानेच्या मागून वर चढत असेल तर दुखणं मानेतलं असण्याची शक्यता मोठी, तिथे मानेचे व्यायाम लागू पडतात. वाचताना ओळी एकमेकींत मिसळत असतील तर दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. अर्धशिशीसारखं ठणकत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून जास्त वेळा वेदनाशामक घेत असाल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, सततच्या गोळ्यांनीही डोकेदुखी टिकून राहते.

मन खचणं याच यादीत येतं. संघाबाहेर बसलेला खेळाडू, कामावर परत जाता न आलेली बाई, ‘दिसायला तर ठीक आहेस’ हे रोज ऐकणारा माणूस, यांना उदासी आणि धास्ती घेरते आणि त्याने डोकेदुखी व झोप आणखी बिघडते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हा या उपचाराचाच भाग धरा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन 14416 दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन केल्यावर डोक्याला मार लागला होता, कधी लागला आणि सध्या कुठली औषधं चालू आहेत, हे सुरुवातीलाच सांगा.